पहिलं कंपाउंड धनुष्य घेताना: ‘रेडी टू हंट’च्या खोक्यातलं काय कामाचं, काय नाही

परदेशी बनावटीच्या तयार कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या, धनुष्याच्या खोक्यावर बहुधा ‘रेडी टू हंट’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की साइट (नेम धरायच्या पिना), रेस्ट (बाण टेकायचा आधार), पीप (दोरीतलं बघायचं भोक), भाता हे सगळं जोडून येतं. बाण आणि रिलीज (स्ट्रिंग म्हणजे दोरी धरून सोडायची कळ) घेतला की नेम धरता येतो. अमेरिकेत ही धनुष्यं हरणाच्या शिकारीला वापरतात, म्हणून ते नाव. तेच खोकं कुरिअरने लातूरला, नांदेडला, अंबाजोगाईला येतं आणि घेणाऱ्याच्या डोक्यात दोन प्रश्न असतात. यानं रानडुक्कर मारता येईल का? आणि यावर स्पर्धा खेळता येईल का?

पहिल्याचं उत्तर नाही, आणि ते आधीच उरकून टाकू. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 9 नुसार शिकारीला बंदी आहे. कायद्याच्या व्याख्येत मारणं आलं, पकडणं आलं, सापळा लावणं आलं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्नही आला. म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा झालेला असतो. काळवीट आणि मोर अनुसूची 1 मध्ये आहेत; तिथं शिक्षा तीन ते सात वर्षं. आपलंच वावर, आपलंच पीक म्हणून मोकळीक मिळत नाही. डुकरांनी भुईमूग उकरला किंवा रोह्यांनी हरभरा तुडवला तर वनविभागाकडे लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्यायचा आणि भरपाई मागायची, हा रस्ता. धनुष्य हा नाही.

दुसऱ्याचं उत्तर हो, पण समजून घेऊन. जागतिक तिरंदाजीत कंपाउंडचं अंतर 50 मीटर, निशाण 80 सेंटिमीटरचं, त्यातला दहा गुणांचा गोल फक्त 8 सेंटिमीटरचा. पौंडेज, म्हणजे ओढायला लागणारा जोर, 60 पौंडांच्या वर चालत नाही. 2023 मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी एकाच स्पर्धेत कंपाउंडचे जगज्जेते झाले, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा असेल. त्यामुळे मराठवाड्यातही इंडियन राउंडचं लाकडी धनुष्य सोडून कंपाउंडकडे वळणारी मुलं वाढणार. पुढचं सगळं त्यांच्यासाठी, आणि शेतातल्या आखाड्यावर हौसेनं निशाण लावणाऱ्या मोठ्यांसाठी.

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न: प्रेस लागतो का?

कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना कॅम म्हणजे कप्प्या असतात आणि स्ट्रिंग-केबल कायम ताणात असतात. ती उतरवायची तर लिम्ब दाबून धरणारं यंत्र लागतं, त्याला बो-प्रेस म्हणतात. (लिम्ब म्हणजे धनुष्याचे वरचे-खालचे लवचीक पाते. कडुलिंबाशी संबंध नाही, पण नवख्यांचा इथं हमखास गोंधळ होतो.) पुण्या-दिल्लीत प्रेस असलेलं दुकान शोधलं तर सापडतं. हिंगोलीत किंवा परंड्यात सापडायची आशा धरू नका. प्रेसशिवाय केबल उतरवायचा प्रयत्न तर करूच नका; एका झटक्यात लिम्ब फुटतो आणि बोटं जातात.

म्हणून आपल्या भागातल्या नवख्यानं दुकानदाराला पहिला प्रश्न वेगाचा विचारायचा नाही. ओढीची लांबी आणि पौंडेज दोन्ही नुसत्या ॲलन-कीनं बदलतात का, हे विचारायचं. ज्या धनुष्याच्या कॅमवर फिरतं मॉड्यूल असतं, त्यात स्क्रू ढिला करून मॉड्यूल पुढच्या अक्षरावर किंवा आकड्यावर सरकवलं की लांबी बदलते. काही मॉडेलमध्ये प्रत्येक लांबीला वेगळं मॉड्यूल विकत घ्यावं लागतं, काहीत प्रेसच लागतो. ती कितीही भारी असली तरी पहिलं धनुष्य म्हणून सोडून द्या.

मोठ्या टप्प्याची पॅकेजेस याच कामासाठी बनलेली आहेत. बेअर कंपनीचं क्रूझर जी-2 हे 12 ते 30 इंच आणि 5 ते 70 पौंड, डायमंडचं इन्फिनिट एज प्रो 13 ते 31 इंच आणि 5 ते 70 पौंड इतकं फिरतं. चिनी कंपन्याही असा टप्पा देतात. चौदा वर्षांचं पोर तीन वर्षांत वाढेल तसं धनुष्य त्याच्याबरोबर वाढतं. जाणकार म्हणतील की इतक्या रुंद टप्प्याच्या कॅमची ओढ तितकी घट्ट वाटत नाही आणि शेवटची भिंतही (ओढ जिथं अडते ती जागा) जरा मऊ लागते. खरं आहे. पहिली दोन वर्षं त्यानं काही अडत नाही.

डोळा, मग हात

दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे छोटा त्रिकोण करा आणि त्यातून दूरचा विजेचा खांब बघा. एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना खांब त्रिकोणातच राहतो, तो तुमचा जोरकस डोळा. उजवा असेल तर उजव्या हाताचं धनुष्य, म्हणजे डाव्या हातात धरायचं आणि उजव्यानं ओढायचं. ऑनलाइन मागवताना इथं उलटं होतं, कारण लोकांना वाटतं धरायचा हात तो धनुष्याचा हात. पीपमधून एकाच डोळ्यानं बघायचं असल्यानं डोळ्याचं ऐका. उजवखोरा असूनही डावा डोळा जोरकस असेल तर सुरुवातीलाच डाव्या हाताचं घेऊन शिकणं सोपं जातं.

ओढीची लांबी: इथं घाई करू नका

साध्या धनुष्यात ओढ थोडी मागेपुढे झाली तर चालून जातं. कंपाउंडमध्ये कॅम ठराविक ठिकाणी जाऊन अडतो. ती भिंत तुमच्या शरीराला बसली नाही तर कितीही सराव केला तरी नेम बसत नाही.

भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, ओढून-ताणून नाही, सहज. दुसऱ्यानं एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावायचा. आलेले इंच भागिले 2.5. समजा 67 इंच आले, तर 26.8. म्हणजे 27 च्या आसपास. हा फक्त सुरुवातीचा आकडा. मधे अडकलात तर अर्धा इंच कमीच ठेवा. नवखा मात्र नेमका उलटं करतो, कारण लांब ओढ जोरकस वाटते आणि बाण थोडा जोरात जातो.

ओढ जास्त झाली की शरीर लगेच सांगतं. मान मागे जाते, धनुष्याच्या हाताचं कोपर ताठ अडकतं, ओढणारा हात कानामागे पोचतो आणि स्ट्रिंग कोपराच्या आतल्या बाजूला सटकन लागून निळा वळ उठतो. लोक यावर हातपट्टा बांधतात. पट्टा बांधा, पण आधी अर्धा इंच कमी करा. ओढ कमी पडली तर खांदे आखडतात, डोकं पुढे येतं, नेम थरथरतो. बरोबर बसली की स्ट्रिंग नाकाच्या शेंड्याला हलकी टेकते, रिलीज धरलेल्या हाताची हाडं जबड्याखाली एकाच जागी बसतात आणि ओढणाऱ्या हाताचं कोपर बाणाच्या सरळ रेषेत येतं. एका मित्राला बाजूनं फोनवर फोटो काढायला सांगा. हे सगळं त्या एका फोटोत दिसतं.

मॉड्यूल बदललं की तीन गोष्टी हलतात हे ध्यानात ठेवा: पौंडेज थोडं बदलतं, पीपची उंची बदलते आणि ड्रॉ-स्टॉप (ओढ अडवणारा खुंटा) त्याच खुणेवर न्यावा लागतो. दोन कॅमवर मॉड्यूल असतील तर दोन्ही एकाच अक्षरावर हवीत. एक सी वर आणि एक डी वर राहिलं की धनुष्य दोन्ही टोकांना वेगवेगळ्या वेळी अडतं, आणि बाण वर-खाली पडत राहतात.

पौंडेज

धडधाकट पुरुषानं 40 ते 45 पौंडांवर सुरुवात करावी, बाईनं 30 ते 35, शाळकरी मुलांनी 15 ते 25. रोज टिकाव-फावडं मारणारा गडी 60 पौंड ओढून दाखवतो, पण दाखवणं वेगळं आणि 72 बाण मारणं वेगळं. पात्रता फेरीत 72 बाणच असतात.

तपासायचं असं. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, धनुष्य समोर निशाणाच्या उंचीवर धरा आणि स्ट्रिंगवर बाण लावून सरळ मागे ओढा. ओढताना धनुष्य आभाळाकडे न्यावं लागलं तर पौंडेज जास्त आहे. ओढून वीस सेकंद धरा, मग बाण न सोडता हळूहळू परत आणा. परत आणणं जमत नसेल तरी पौंडेज जास्तच आहे. आभाळाकडे ओढण्यात खांद्याचा तोटा आहेच, पण त्या क्षणी रिलीज सुटला तर बाण दोन-तीनशे मीटर सहज जातो आणि कुणाच्या वस्तीवर पडेल ते आपल्या हातात राहत नाही.

कंपाउंडची गंमत म्हणजे लेट-ऑफ. 45 पौंडांचं धनुष्य 80 टक्के लेट-ऑफचं असेल तर पूर्ण ओढल्यावर हातात 9 पौंडच राहतात, चारेक किलो. म्हणून निवांत नेम धरता येतो. पण मधला डोंगर 45 चाच चढायचा असतो.

पौंडेज कमी करायला वरचा आणि खालचा लिम्ब-बोल्ट सारखेच फेरे उलटे फिरवायचे. आधी दोन्ही बोल्टवर मार्करनं रेघ मारा, अर्धा फेरा वर, अर्धा फेरा खाली असं आळीपाळीनं जा आणि वहीत लिहा. किती फेऱ्यांपर्यंत सोडता येतं हे पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यापलीकडे गेलात तर बोल्ट सुटून लिम्ब उडतो.

जाहिरातीतले आकडे

‘320 एफपीएस’ (सेकंदाला 320 फूट) हा वेग 70 पौंड, 30 इंच ओढ आणि 350 ग्रेन वजनाच्या बाणावर मोजलेला असतो. ओढ एक इंच कमी झाली की साधारण 10 फूट जातात, पौंडेज एक पौंड कमी झालं की साधारण 2. तुमची ओढ 27 आणि पौंडेज 45, म्हणजे 30 आणि 50 वजा. हातात उरतात 240, आणि स्ट्रिंगवरच्या पीप आणि डी-लूपमुळे (रिलीज अडकवायचा फास) त्यातही थोडे कमी. 50 मीटरला हे पुरून उरतं. तेव्हा 320 आणि 340 मधल्या फरकासाठी जास्त पैसे देऊ नका.

त्यापेक्षा दोन मापं बघा. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंतची लांबी, म्हणजे दोन्ही कॅमच्या एक्सलमधलं अंतर. शिकारीची धनुष्यं झाडाझुडपांत वागवायची म्हणून 28 ते 32 इंचांची आखूड असतात, स्पर्धेची 36 ते 40 ची. आखूड धनुष्य हातात डळमळतं. पॅकेजमध्ये 32 च्या पुढचं मिळालं तर उत्तम. दुसरं ब्रेस हाइट, हँडलच्या गळ्यापासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर; 7 इंचांच्या आसपासचं चुका पोटात घालतं, 6 चं वेगवान पण खवट. रंग काळा, निळा काहीही घ्या. कॅमोफ्लाज टाळा, पुढं स्पर्धेत कुणी हरकत घ्यायला नको.

खोक्यात काय येतं आणि काय नाही

साइट बहुधा तीन किंवा पाच पिनांची येते. ती 20, 30, 40 मीटरला लावून शिकायला ठीक. स्पर्धेला भिंग आणि लेव्हल असलेली एका पिनेची घ्यावी लागते, ती वर्षभरानं. रेस्ट म्हणून व्हिस्कर बिस्किट येतं, म्हणजे ब्रशच्या केसांचं कडं, त्यात बाण पडत नाही. नवख्याला तेच बरं. स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) पाच-सहा इंचांचा शोभेचाच असतो. धनुष्याला स्क्रूनं बसणारा भाता काढून ठेवा, एका बाजूला वजन टाकतो; कमरेचा भाता घ्या.

रिलीज बहुतेक वेळा येत नाही, आणि कंपाउंड बोटांनी ओढायचं नसतं. मनगटाच्या पट्ट्याचा, तर्जनीनं दाबायचा रिलीज घ्या. ओढताना बोट ट्रिगरच्या मागे ठेवायचं. ट्रिगरवर ठेवलं तर अर्ध्या ओढीत सुटतो आणि स्वतःचीच मूठ स्वतःच्या तोंडावर बसते. पॅकेजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम रिलीज, बाण, पेटी आणि ॲलन-कीच्या संचासाठी बाजूला काढा.

बाण

धनुष्यावर पैसे संपवून बाण स्वस्तातले घेणं ही सगळ्यात महागडी काटकसर. बाणाचा कडकपणा स्पाइनच्या आकड्यात सांगतात: 28 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध 880 ग्रॅम वजन लटकवलं की बाण किती वाकतो. अर्धा इंच वाकला तर 500. म्हणजे आकडा जितका लहान तितका बाण कडक. 45 पौंड आणि 27 इंचांच्या आसपास 500 ते 600 बसतो, 60 पौंडांना 400 च्या जवळ. नेमका आकडा बाणाच्या कंपनीच्या तक्त्यातून घ्या, दुकानात पडून आहे म्हणून नाही.

वजन दर पौंडामागे किमान 5 ग्रेन हवं. 45 पौंडांना 225 ही तळाची रेघ. नवख्यानं 300 च्या वरच राहावं. हलक्या बाणानं उरलेली ताकद धनुष्यातच फुटते. बाणाशिवाय सोडलं, म्हणजे ड्राय फायर केलं, तर सगळीच फुटते: स्ट्रिंग उतरते, कॅम वाकतो, लिम्ब चिरतो. पाहुणे आले की ‘बघू बघू’ म्हणत रिकामी स्ट्रिंग ओढतात. घरात पेटीला कुलूप हवं ते त्यासाठी.

एकसारखे एक डझन कार्बन बाण, 100 ग्रेनची साधी टोकं, लांबी रेस्टच्या पुढे इंच-दीड इंच जास्त. पात्याची शिकारी टोकं खोक्यात आलीच तर बाजूला ठेवा. ती निशाणाची चाळण करतात आणि इथं त्यांचा कायदेशीर उपयोग नाही. प्रत्येक बाण सोडण्याआधी दोन्ही हातांनी किंचित वाकवून कानाशी धरा. करकर आली किंवा तडा दिसला तर मोडून टाका. चिरलेला कार्बन बाण सुटताना फुटतो आणि सळ्या धरणाऱ्या हातात घुसतात.

खोकं आल्यावर

उघडतानाच व्हिडिओ काढा. मग परसातला कापूस घ्या, सरकी काढलेला बोळा, आणि सगळ्या लिम्बच्या कडांवरून हळूच फिरवा. कुठं तंतू अडकला तर तिथं तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो. असं धनुष्य ओढायचंच नाही, परत पाठवायचं. स्ट्रिंगचे धागे तुटलेत का, एक्सलच्या टोकाच्या क्लिपा आहेत का बघा. सगळे स्क्रू तपासा. प्रवासात साइट-रेस्टचे ढिले होतात.

जोडणीत नॉकची (बाणाच्या शेपटीच्या खाचेची) जागा बाण स्ट्रिंगशी काटकोनात येईल अशी ठेवा, आणि वरून बघितल्यावर रायझरपासून (धनुष्याच्या मधल्या दांड्यापासून) बाणाच्या मध्यापर्यंत साधारण 13/16 इंच. पीपसाठी डोळे मिटून ओढा, अँकर घ्या, म्हणजे हात जबड्याखालच्या ठरलेल्या जागी टेकवा, मग डोळे उघडा. पीप डोळ्यासमोर नसेल तर पीप हलवा, मान नाही. पहिले बाण 10 मीटरवरून. साइटचा नियम सोपा: बाण जिकडे जातो, साइट तिकडे. डावीकडे पडले तर डावीकडे, खाली पडले तर खाली. एका बाणावर काही फिरवायचं नाही, तीन-तीन बाणांचा झुबका बघून फिरवा.

निशाण आणि जागा

कडब्याच्या पेंढ्या कंपाउंडला पुरत नाहीत, बाण आरपार जातो. खताच्या दोन-तीन पोत्यांत जुन्या साड्या आणि चिंध्या पायानं दाबून-दाबून कच्च भरा. भरलेलं पोतं दोन फूट जाड झालं की 45 पौंडांचा बाण थांबतो आणि दोन बोटांनी निघतो. मागे डोक्यापेक्षा उंच मातीचा बांध हवा. तुरीचं किंवा उसाचं उभं पीक म्हणजे आडोसा नव्हे, त्यात माणूस दिसत नाही.

चुकलेला बाण काळ्या मातीत शोधणं हा वेगळाच व्याप. उन्हाळ्यात भेगा पडल्या की बाण पिसांसकट आत जातो, पावसाळ्यात गवताखाली आडवा सरकतो. निशाणाच्या मागे दहा फूट जमीन वखरून, दाबून सपाट ठेवा आणि भडक रंगाची नॉक घ्या.

ऊन

एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला पारा 42-43 वर जातो, आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी वर. धनुष्य डिकीत राहिलं की स्ट्रिंग लांबते, पीप फिरून तिरका होतो, लिम्बचे थर सुटायला लागतात. दुपारी गाडीत नको, पत्र्याच्या शेडमध्येही नको. सकाळी आठच्या आत सराव उरका. एसटीनं नेताना पेटीतच ठेवा आणि सोबत बिल व क्लबचं पत्र असू द्या.

स्ट्रिंगला दोन आठवड्यांनी मेण लावून बोटांनी चोळा. जिथं दोरा गुंडाळलाय त्या भागाला नाही. व्हिस्कर बिस्किटमधली धूळ जुन्या दात घासायच्या ब्रशनं झाडा. नवी स्ट्रिंग पहिल्या शंभर-दोनशे बाणांत थोडी ताणते, त्यामुळे महिन्याभरात पीप जरा वळलेला दिसेल आणि बाण वेगळ्या जागी पडू लागतील. तेव्हा लगेच साइट फिरवत बसू नका. कॅमवरच्या खुणा पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोशी ताडून बघा आणि सरकल्या असतील तर धनुष्य प्रेस असलेल्या दुकानात पाठवा.